खोलीत ऊन येत नाही

विचुंब्याला घर बांधायला काढलं, तेव्हा सगळ्या घरात मला एकाच खोलीची काळजी होती. आईच्या. आदल्या उन्हाळ्यात मोरा बंदरावर लाँचची वाट बघता बघता तिला ऊन लागलं आणि ती धक्क्यावरच कोसळली होती. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा ऊन लागलं तर त्यांच्या हृदयाला झेपणार नाही." तेव्हापासून आई दुपारची बाहेर पडत नसे. पडावंच लागलं तर पर्समध्ये कांदा टाकल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे.

मी शाळेत गणित शिकवते आणि वास्तुशास्त्रावर माझा काडीचा विश्वास नाही. पण वडीलधाऱ्या माणसाची खोली नैऋत्येलाच हवी, हे आईनं इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी हात टेकले. बैठं घर, वर उघडी गच्ची, आणि नैऋत्येच्या कोपऱ्यात तिची खोली. पश्चिमेची खिडकी मी स्वतः नकाशातून काढून टाकली. वास्तूही सांभाळली आणि ऊनही अडवलं, म्हणून स्वतःवरच खूश होते.

स्लॅब पडून भिंती उभ्या राहिल्यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत साइटवर गेले. कामावरच्या बायका डबे घेऊन बाहेर आंब्याखाली बसल्या होत्या. मी म्हटलं, "अगं, आत एवढी सावली असताना बाहेर काय बसलात?" घमेली वाहणारी एक बाई होती, डोंगराकडच्या वाडीतली, फारशी न बोलणारी. तिनं आईच्या खोलीकडे हनुवटीनं दाखवलं. "त्या खोलीत दुपारचं आमी कोन बसत नाय, ताई. भिंतीला जाम ऊन लागतं."

"मग भिंतीच्या डोक्यावर कांदा ठेवा," मी म्हटलं. बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. डबा बंद करून कामाला उठली. आपल्या विनोदाला कुणी हसलं नाही की मला राग येतो, तसा तेव्हाही आला.

एसी घ्यायला नवीन पनवेलच्या एका दुकानात गेले. विकणाऱ्यानं दोन प्रश्न विचारले. खोली केवढी? मी लांबी-रुंदी तोंडपाठ सांगितली. खोलीत ऊन येतं का? "अजिबात नाही. त्या बाजूला खिडकीच नाही," मी म्हणाले. शब्द न् शब्द खरा होता. वर गच्ची आहे का, पश्चिमेची भिंत उघडी आहे का, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. "मग एक टन पुष्कळ झाला," तो म्हणाला. दीड टनाचा घ्यावा असं क्षणभर मनात आलं होतं. पण उत्तर आलं की त्याच्याखाली दोन रेघा ओढायच्या, ही माझी सवय.

थंडीत राहायला गेलो आणि मार्चपर्यंत सगळं छान होतं. मग आईच्या औषधाच्या कॅप्सुला डबीतच एकमेकींना चिकटायला लागल्या. मी औषधवाल्याला जाऊन झापलं, जुना माल खपवतोस म्हणून. आई म्हणायची, "दुपारी अंथरूण गरम लागतं गं." मी म्हणायचे, पंखा वाढव. एसी चालू होता, ती घरात होती, बाहेर पडत नव्हती. ऊन लागतं ते बाहेरच्या माणसाला. भाषाही मला तेच सांगत होती आणि मी भाषेवर विश्वास ठेवला.

शाळेतून रोज मधल्या सुट्टीत मी तिला फोन करायचे. "आई, एसी लावलाय ना? किती आहे?" ती रिमोट डोळ्यांजवळ धरून वाचायची, "चोवीस." रोज चोवीस. मी निश्चिंत होऊन वर्गावर जायचे. रिमोटवर दिसतो तो आपण मागितलेला आकडा, खोलीतला नव्हे. एवढं साधं मला सुचलं नाही, आणि म्हणे मी गणित शिकवते.

एप्रिलमधल्या एका दुपारी तिनं "चोवीस" म्हणायला फार वेळ लावला. झोपेतून उठवलं असेल, असं वाटून मी फोन ठेवला.

चारच्या सुमारास घरी आले. खोलीचं दार उघडलं तर एसी चालू, पंखा गरगर फिरतोय आणि हवा मात्र भट्टीची. आई भिंतीच्या कडेला आडवी होती. कपाळाला हात लावला. तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. तिला उचलताना आधारासाठी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकला आणि झटक्यात मागे घेतला. ती वाडीवरची बाई मला आठवली. आईची पर्स दाराच्या खुंटीला होती, कांदा आत तसाच. तो बाहेर जाताना न्यायचा कांदा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात कुठे गेल्या होत्या?"

"घरातच होती," मी म्हणाले. "तिच्या खोलीत ऊन येत नाही." एसीच्या दुकानातही मी हेच सांगितलं होतं.

आईच्या अंगावर ओले कपडे टाकत होते. मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "आई, कसं वाटतंय?" तिचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते, पण मुलीला काळजीतून सोडवायची तिची सवय सुटली नव्हती.

"चोवीस," ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही.