सिस्टरांचं तळं

ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला घरी बसवणं म्हणजे काय, हे बसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. सिस्टर निवृत्त झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात घरातले सगळे चमचे उकळून निघाले. मग पडदे, मग दारांच्या कड्या, मग विजेची बटणंसुद्धा पुसून झाली. आता पुढचा नंबर आपलाच, असं त्यांच्या नवऱ्याला वाटायला लागलं होतं. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, परगावी दिलेली लेक लाडात आली की तीही तेच म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू.

नवऱ्याला गल्ली म्हणायची चेकर. बसगाड्यांमध्ये तिकिटं तपासण्यात त्यांची हयात गेली. आपल्याला फसवून विनातिकीट कुणी खाली उतरला नाही असं ते सांगायचे, आणि सिस्टरही ते खरं धरून चालायच्या. नोकरी संपली आणि त्यांच्या डोळ्यांनी मात्र दगा दिला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं की नजरेचा मधला भाग हळूहळू जाणार. आधी बारीक अक्षरं जातील, मग माणसांचे चेहरे. ठळक रंगाचं, हलणारं काही असेल तर तेवढं बरेच दिवस दिसत राहील. चेकरांनी पेपर बंद केला, बोलणं निम्म्यावर आणलं आणि ते मागच्या दाराशी खुर्ची टाकून परसाकडे तोंड करून बसायला लागले. परसात बघण्यासारखं होतं तरी काय? कपडे वाळत घालायची दोरी आणि भिंतीशी नळाखाली एक जुनी दगडी कुंडी.

ठळक रंगाचं, हलणारं. हे शब्द सिस्टरांच्या डोक्यातून जाईनात. अशात एकदा दाताच्या दवाखान्यात त्या आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोरच्या काचेच्या टाकीत एक केशरी मासा सावकाश वळला. सिस्टर उठल्या आणि काचेला नाक लावून ज्या उभ्या राहिल्या त्या नाव पुकारलं तरी हलेनात. हा पापणी का मिटत नाही? झोपतो कधी? पाण्यात राहून पाणी पितो का? तिथल्या बाईंना यातलं एकही उत्तर येत नव्हतं. दाढ काढून घरी पोचेपर्यंत सिस्टरांचं पक्कं ठरलं होतं. परसात तळं करायचं, त्यात लाल-केशरी मासे सोडायचे आणि चेकरांची नजर आहे तोवर तिला बघायला काहीतरी द्यायचं. नजर काही कुणासाठी थांबणार नव्हती, म्हणून घाई.

खड्डा त्यांनी स्वतः खणला. मजूर लावा म्हणून लेकीनं फोनवर डोकं खाल्लं, पण सिस्टर ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. अर्धा दिवस ऊन, अर्धा दिवस सावली, आणि वरून पानं पडायला झाड नको, अशी जागा त्यांनी हेरली. मांडीइतका खोल खड्डा, एका बाजूला पाणवनस्पतींच्या कुंड्या ठेवायला उथळ पायरी. काठ सपाट झालाय का ते बघायला आडवी फळी ठेवून तिच्यावर अर्धी भरलेली बाटली आडवी घातली. तळाशी खडे टोचू नयेत म्हणून जुनी ब्लँकेटं अंथरली आणि त्यांच्यावर जाड रबरी कापड. त्या कापडाचे कोपरे त्यांनी हॉस्पिटलमधल्या चादरीसारखे दुमडले. चेकर खुर्चीतून कुदळीचा आवाज ऐकत होते आणि अधूनमधून विचारत होते, पाणी लागलं का?

शोभेच्या माशांच्या दुकानातला माणूस घाईतला होता. पाणी भरा, काही आठवडे तसंच राहू द्या, मग मासे न्या, एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जन्मभर डॉक्टरांना 'का?' विचारून भंडावून सोडणाऱ्या बाईंनी नेमकं इथंच 'का' विचारलं नाही. कारण आपल्याला कळलंय अशी त्यांची खात्री होती. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जायला हवं, दुसरं काय? मग त्या आठवड्यांत त्यांनी तळं घासलं. गोटे उकळून घेतले. पाणी फिरवायच्या छोट्या पंपाला एक स्पंज होता, तो रोज सकाळी काढून पातेल्यात खळखळ उकळायचा आणि परत बसवायचा, हा नेम लावून घेतला. रबरी कापडावर कुठं बुळबुळ लागली की शेवाळाच्या त्या हात धुऊन मागे लागायच्या. पाणी इतकं नितळ दिसायचं की त्यात पडलेलं दाभणही सापडलं असतं.

मग पाच मासे आले. पिशवी आधी तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची आणि मग तोंड सोडायचं, हे सिस्टरांनी कुठंतरी वाचलं होतं. दोन लाल, दोन केशरी आणि एक पांढऱ्या शेपटाचा उनाड, अशी सिस्टरांनी मोठ्यानं ओळख करून दिली. चेकरांची खुर्ची काठाशी आली. दिसतात का, म्हणून सिस्टरांनी तीनदा विचारलं. दिसतात की, पाचही दिसतात, असं ते म्हणाले, आणि खाणं टाकायचं काम आपल्याकडे घेऊन मोकळे झाले. खाणं ते सढळ हातानं टाकायचे. सिस्टर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या आणि त्यांना बरं वाटायचं, खूप बरं वाटायचं.

आठवडा सरायच्या आत पांढऱ्या शेपटाचा पाठीवर तरंगताना सापडला. चेकर उठायच्या आधी सिस्टरांनी तो जाळीनं काढला आणि भिंतीशी पुरून टाकला. सांगावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी चहा दिला, तेवढ्यात तळ्याकडे तोंड करून चेकर म्हणाले की पाचही मजेत आहेत. मासे काय एका जागी थोडेच थांबतात, मोजणाऱ्याची चूक होतेच. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला आणि त्या मूग गिळून गप्प बसल्या.

थिएटरमध्ये जखम चिघळली तर जंतू कुठून शिरले ते शोधतात. सिस्टरांनी तेच आरंभलं. स्पंज सकाळ-संध्याकाळ उकळायला लागल्या, गोटे पुन्हा बाहेर काढून घासले. पाणी आरशासारखंच राहिलं, आणि त्यात एक केशरी मासा वर येऊन तोंडानं हवा गिळायला लागला. त्याचे पर अंगाला चिकटले होते. तो आजचा दिवस काढणार नाही, हे सिस्टरांना दिसत होतं. रुग्ण ओळखायला त्यांना नाडी धरावी लागत नसे. चेकरांच्या समोर हा जायला नको म्हणून त्यांनी त्याला बाजूला काढायचं ठरवलं. घरातल्या सगळ्या बादल्यांना जंतुनाशकाचा वास. उरली ती नळाखालची दगडी कुंडी. आतून शेवाळानं माखलेली, तळाशी कुजकी पानं, कधीतरी घासायची म्हणून राहून गेलेली. त्या घाणीत माशाला सोडताना सिस्टरांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या जाळी घेऊन गेल्या, पण काढायला मेलेला मासाच नव्हता. केशरी मासा पर पसरून कुंडीच्या कडेचं शेवाळ चोखत फिरत होता. सिस्टर तिथंच उकिडव्या बसल्या. चहा निवला, दूध उतू गेलं, फोन वाजून थांबला. घाणीत हा बरा होतो आणि स्वच्छतेत मरतो, हे कसं काय? त्यांना राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. आपण आजवर काहीतरी उलटं धरून बसलो आहोत याची त्यांना अशी काही गंमत वाटली की गुडघे दुखायला लागले तेही कळलं नाही. त्यांनी एक बाटली तळ्याच्या पाण्याची भरली, एक कुंडीच्या, आणि दुकान गाठलं. या वेळी 'का' विचारल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच.

दुकानदारानं दोन नळ्यांत दोन पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. कुंडीचं गढूळ पाणी पिवळं राहिलं. तळ्याचं नितळ पाणी बघता बघता गडद हिरवं झालं. हिरवं म्हणजे विष, असं तो म्हणाला, आणि पुढचं नीट सांगता येईना म्हणून त्यानं डबीवरचा बारीक मजकूर शोधायला घेतला. मग दोघं डोक्याला डोकं लावून वाचायला लागले. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात विष उतरतं, ते डोळ्यांना दिसत नाही. ते खाऊन टाकणारे जंतू गोट्यांवर, बुळबुळीत थरात आणि मुख्यतः स्पंजमध्ये राहतात. ते वाढायलाच ते आठवडे द्यायचे असतात.

दुकानदारानं विचारलं, "स्पंजचं काय करता तुम्ही?"

सिस्टर म्हणाल्या, "उकळते. रोज दोनदा."

दुकानदार स्टुलावर बसला. सिस्टर थोडा वेळ नळ्यांकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू फुटलं. म्हणजे वॉर्डातल्या सगळ्या नर्सना मी रोज उकळून काढत होते, असं त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पांढऱ्या शेपटासाठी पाणीही आलं.

घरी येऊन त्यांनी जे केलं ते त्यांच्या जुन्या मेट्रननं पाहिलं असतं तर जागेवरच घेरी येऊन पडली असती. दगडी कुंडीतलं शेवाळ त्यांनी नुसत्या हातांनी खरवडलं आणि तळ्याच्या कडेला फासलं. कुंडीतले बुळबुळीत दगड तळ्यात मांडले. स्पंज कुंडीच्या गाळात पिळून परत बसवला. थोडं जुनं पाणी काढून साठवलेलं घातलं आणि खाण्याचा डबा चेकरांकडून काढून घेतला. चिमूटभरच टाकायचं, अशी ताकीद मिळाल्यावर चेकरांनी तक्रार केली नाही. केशरी मासा बरा होऊन घरी परतला. चौघेही पर पसरून पोहायला लागले.

आणि मग ऊन तापलं आणि पाणी हिरवं झालं. आधी फिकं, मग गडद, मग असं की बोट बुडवलं तरी टोक दिसेना. सिस्टरांनी धावत जाऊन विचारलं, तर दुकानदार म्हणाला की नव्या तळ्याचं असं होतंच. वनस्पती वाढल्या, सावली धरली की निवळेल, एखादा मोसम जाईल, माशांना काही होत नाही. माशांना होत नाही हो, पण मोसम कुणाजवळ होता? ज्याच्यासाठी हा खटाटोप केला त्यालाच मासे दिसणार नव्हते. पाणी घासून काढलं तर दिसतील आणि मरतील. घरापर्यंतच्या रस्त्यात सिस्टरांनी हे उलटसुलट करून पाहिलं, पण तिसरी वाट सापडली नाही. शेवटी चेकरांना सरळ सांगायचं ठरवून, वाक्य मनात जुळवत त्या परसात आल्या.

चेकर काठाशी बसले होते. सिस्टरांची चाहूल लागताच तेच आधी बोलले.

"आज पाणी काय नितळ ठेवलंयस गं. पाचही दिसतायत. तो पांढऱ्या शेपटाचा बघ, कसा ऐटीत फिरतोय."

सिस्टरांनी पाण्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. चहाचा कप ते आधी कड चाचपून उचलतात, दारात कुणी आलं की आवाज ऐकल्याशिवाय नाव घेत नाहीत, डॉक्टरांच्या खोलीत हल्ली एकटेच जातात, हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि त्या पाणी बघत बसल्या होत्या. त्यांना नवऱ्याचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग त्या त्यांच्या शेजारी काठावर बसल्या. हो म्हणून विषय संपवता आला असता. तसं त्यांच्या मनातही येऊन गेलं.

"अहो, पाणी हिरवंगार झालंय," त्या म्हणाल्या. "मासे मलासुद्धा दिसत नाहीत. आणि पाच नाहीत, चार आहेत. पांढऱ्या शेपटाचा सुरुवातीलाच मेला. मी तुम्हाला सांगितलं नाही."

चेकरांनी पाण्याकडचं तोंड सिस्टरांच्या आवाजाकडे वळवलं.

"म्हणजे मी रोज एक जास्तीचा मोजत होतो," ते म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांची लबाडी पकडलेला माणूस, स्वतः पकडला गेल्यावर त्याच्या ओठांच्या कडा हलल्या. "तू खड्डा खणायला घेतलास ना, तेव्हाच मधलं सगळं गेलं होतं. रंगसुद्धा. तू कुदळ मारताना गुणगुणत होतीस, किती वर्षांनी. कसं सांगणार होतो?"

 खाण्याचा डबा उघडून सिस्टरांनी चिमूटभर दाणे चेकरांच्या तळहातावर ठेवले, त्यांचं मनगट धरलं आणि हात अलगद पाण्यात नेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चेकर दचकले, पण त्यांनी हात काढून घेतला नाही. बोटांशी मऊ तोंडं लागत होती, सुटत होती, परत येत होती.

याला दात नाहीत का, त्यांनी विचारलं. बोट कुठलं नि दाणा कुठला हे याला कळतं कसं? आता आला तो मघाचाच का दुसरा? सिस्टरांना जेवढं माहीत होतं तेवढं त्या सांगत गेल्या, बाकीचं माहीत नाही म्हणाल्या. चेकर खुर्चीतून आणखी वाकले, बाही कोपरापर्यंत भिजली.

"हा मोठा आहे," ते म्हणाले. "रंग कुठला गं याचा?"

डोळे बिघडल्यापासून कुठली गोष्ट कशी दिसते, हे त्यांनी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. सिस्टर त्यांच्या खांद्याला खांदा लावून हिरव्या पाण्यावर वाकल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या, "जरा वर येऊ दे त्याला, सांगते."