खांब व्हायचं, पळायचं नाही!

आम्ही चार-पाच निवृत्त मास्तर-मास्तरणी चहाला जमलो, की पहिल्या कपाला गुडघेदुखी निघते आणि दुसऱ्या कपाला किस्से. वह्या केव्हाच रद्दीत गेल्या, किस्से मात्र घरातच राहिले! त्यातही डोंबिवलीच्या आमच्या जुन्या शाळेतले कुत्र्यांचे किस्से सुरू झाले, की चहा हमखास निवतो. कारण त्यांत हसू नंतर यायचं. आधी भीती.

*

सन पन्नास-एक्कावन्न असेल. मी नुकतीच नोकरीला लागलेले. डोंबिवलीत तेव्हा घरं थोडी, भातखाचरं फार, आणि कुणाचीच नसलेली कुत्री सगळीकडे. तिसरीतली कुसुम बांधावरून शाळेत येत होती. कुत्रं नुसतं उठून उभं राहिलं. ती पळाली. ती पळाली म्हणून तेही पळालं, आणि त्याने तिची पोटरी फोडली.

मी पोचले तेव्हा शेजारची एक आजी जखमेत तिखट भरायच्या बेतात होती. आमचे हेडमास्तर केळकर सर म्हणजे एरवी गरीब गाय. पण त्यांनी आजीच्या हातातली वाटी हिसकावली.

"तिखट नाही! साबण आणा, पाणी आणा!"

कितीतरी वेळ ते स्वतः जखम धूत बसले होते. मग पोटात चौदा इंजेक्शनं. तिचे वडील तिला रोज कल्याणला दवाखान्यात न्यायचे. कुत्रं पिसाळलेलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ते तर कुठे गेलं कुणास ठाऊक! वर्गातल्या त्या रिकाम्या जागेकडे बघायची मला हिंमत होत नसे.

कुसुम परत आली. आली त्या दिवशी सरांनी फळ्यावरचे पाढे पुसून टाकले.

"पाढे उद्या. आज कुत्रा!"

*

सर मग प्रत्येक वर्गात सांगायचे, अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही. खांब व्हायचं. हात अंगाशी, नजर जमिनीवर, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. ते खात असेल, झोपलं असेल, पिल्लांपाशी असेल, तर आपणच वाट बदलायची.

हे शिकवताना त्यांनी मोठ्या हौसेने फळ्यावर भलंथोरलं कुत्रं काढलं. वर्ग गंभीर. एक चिमुरडी चित्राकडे बघत उठली.

"सर, शेळी आली तरी खांबच व्हायचं?"

*

थोड्याच दिवसांत इन्स्पेक्शन आलं. शाळा नवी, मान्यता टिकायची की जायची ते याच शेऱ्यावर. साहेब ठाण्याहून आले. डोक्यावर हॅट, पायात करकरणारे बूट, आवाज ढगासारखा.

साहेब दारात उभे राहिले आणि अख्खी दुसरी गप्प झाली. हात अंगाशी, माना खाली.

"तुझं नाव काय?" उत्तर नाही.

"सात आठे किती?" उत्तर नाही.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. सरांच्या कपाळावर घाम. शेवटी सरच एका मुलाजवळ वाकले. "अरे, बोलत का नाहीस?"

तो ओठ न हलवता पुटपुटला, "सर, अनोळखी आहेत ना!"

*

कोपर गावातली शकू शेतातून चालत यायची. एके दिवशी पहिला तास संपला तरी शकूचा पत्ता नाही. मी दोनदा दारात जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती समोर उभी. पांढरीफटक, आणि हातात दप्तर नाही.

बांधाच्या कडेला पेंढ्यात कुत्री व्यायली होती. पिल्लं शकूला दिसलीच नाहीत, कुत्री गुरगुरत आली. बांध अरुंद. शकू दप्तर पुढे धरून एकेक पाऊल मागे सरकत राहिली. कुत्रीने दप्तरालाच दात लावले आणि खेचायला लागली.

"मग गं?" मी तिचे पाय तपासत विचारलं.

"मंग काय बाई, दप्तर दिला, पाय नाय दिला!"

*

सगळ्याच पालकांना हे पटत होतं असं नाही. लेले म्हणून एक गृहस्थ होते, मुंबईला हापिसात कारकून. ते शाळेत येऊन सरांवर बरसले.

"पोरांना खांब व्हायला शिकवता? भित्री करून ठेवाल! दगड मारायला शिकवा, दगड!"

आणि तरातरा निघाले. फाटकात कुत्रं. लेल्यांनी बाणेदारपणे दगड उचलून मारला. नेम चुकला. त्या कुत्र्याच्या मदतीला आणखी दोन धावून आले. लेले धोतराचा सोगा धरून पटांगणात गोल गोल! एकाने सोगा पकडलासुद्धा. सर काठी घेऊन धावले, पण त्याआधी खिडकीतून लेल्यांच्याच बाळ्याचा आवाज आला.

"बाबा, पळू नका! खांब!"

लेले डोळे मिटून थांबले. कुत्री थांबली. एकाने पोटरी हुंगली. आम्ही नुसते बघतोय. मग त्यातलं मोठं कुत्रं लेल्यांना एक प्रदक्षिणा घालून आलं, आणि त्याने शांतपणे मागचा पाय वर केला.

लेल्यांना नसेल, कुत्र्याला मात्र खांब पटला!

*

आता हा एकच. हा नेहमी शेवटी निघतो.

मधली सुट्टी होती. रस्त्यावर ओरडा झाला, "पिसाळलंय! पिसाळलंय!" आणि कुंपणाच्या भगदाडातून ते आत आलं. जबडा लोंबता, तोंडातून लाळेची तार. पटांगणात साठ मुलं.

सरांनी फक्त हात वर केला. साठ मुलं जागच्या जागी उभी राहिली.

तेवढ्यात मला बेबी दिसली. चौथीतल्या वत्सलाची धाकटी बहीण, अडीच वर्षांची. आई कामावर जायची म्हणून वत्सला तिला शाळेत आणायची. ती मातीत बसून खडे मांडत होती. वत्सला तिच्यापासून दहा पावलांवर, आणि कुत्रं सरळ बेबीच्या रोखाने.

मी पाऊल उचललं. सरांनी माझं मनगट आवळलं. "बाई, हलू नका."

वत्सला हलली नाही. अगदी हळू म्हणाली, "बेबी, मुटकुळं."

बेबीने हातातला खडा खाली ठेवला. गुडघे पोटाशी घेतले, तोंड मातीत लपवलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. कुत्रं तिच्याजवळ आलं. तिचे केस हुंगले. लाळेचा थेंब फ्रॉकवर पडला. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मग ते तसंच लडखडत पलीकडच्या बाजूने बाहेर गेलं. तिथे माणसं काठ्या घेऊन उभीच होती.

सरांनी धावत जाऊन बेबीचा फ्रॉक काढला, तिला साबणाने न्हाऊ घातलं, अंगावर कुठे ओरखडा नाही ना, हे तीनतीनदा पाहिलं. पडलात तर मुटकुळं करा, हे त्यांनी फक्त चौथीला शिकवलं होतं.

मी वत्सलाला जवळ घेतलं.

"अगं, हिला गं कुणी शिकवलं?"

"घरी रोज मीच कुत्रा होते ना, बाई."