नाक्यावरचं जैतून

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे जंगल खात्यात नाकेदार. लग्न झालं आणि आरमोरीच्या भरल्या घरातून मी थेट जंगलातल्या नाक्यावर येऊन पडले. एक खोली, एक विहीर, चहूकडे सागवान. उन्हाळ्यात हे वणव्याच्या पहाऱ्यावर जात, ते आठ-आठ दिवस तोंड दाखवत नसत. बोलायला चिटपाखरू नाही. पहिले काही महिने मी खूप रडले, मग रडायचाही कंटाळा आला.

सोबतीला होतं एक जैतून, साहेबलोकांचं ऑलिव्ह. कुण्या साहेबाने हौसेने परदेशातून आणवून अंगणात लावलं आणि बदली होऊन गेला. कंबरेएवढं, बारीक पानांचं, बारा महिने हिरवं. त्याचीही गत माझ्यासारखीच, आणून लावलं आणि विसरले. मी त्याच्याशी बोलायची. हसा खुशाल, पण बोलायची. भांडी विसळलेलं पाणी त्यालाच.

आदल्या पावसाळ्याने दगा दिला होता. होळीनंतर विहीर आटली. नाल्याच्या वाळूत झिरा उकरून मी कशाबशा दोन घागरी आणायची. जैतुनाची पानं मुडपली, त्यांची खालची पांढुरकी बाजू दिसू लागली, मग पिवळी पडून गळायला लागली. माझा जीव कासावीस झाला. मोहफुलं वेचायला आलेल्या गोंड मावशीला मी ते दाखवलं.

ती हसली. "रडून काऊन राह्यली, बाई? सागवान पाह्य ना. पानं टाकून झोपला. हे बी झोपलं. पाणी नोको देऊ, तूच पे."

पटलं मला. आमच्याकडे उन्हाळ्यात उघडं झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल. मी पाणी बंद केलं. रोज संध्याकाळी त्याच्यापाशी बसून म्हणायची, "झोप बापा, झोप."

पाऊस लागून महिना झाला. सागाला ही मोठाली पानं आली. जैतून तसंच. शेवटी मी नखाने साल खरवडली. आत हिरवा ठिपका नव्हता, नुसतं वाळकं लाकूड. सागाला पानं टाकायची सवयच असते, याला नव्हती. तहानेने टाकली होती यानं. आणि मी, मेली, जवळ बसून अंगाई गात होते!

त्याच दिवशी यांनी माझ्या आईला पत्र लिहिलं आणि कौतुकाने वाचून दाखवलं. 'तुमची लेक आता इथं रमली. पहिल्यासारखी रडत नाही. शांत असते.'

मी पत्र ओढून घेतलं. "रमली नाई मी. मले आईकडे पोचवून द्या."

यांनी लेखणी खाली ठेवली. "अवं, मंग बोलली काऊन नाई?"

मी यांचा हात धरून अंगणात नेलं, खरवडलेलं खोड दाखवलं.

"हे तरी कुठी बोललं?"

सकाळी यांनी बैलगाडी जुंपली.