बाळंतिणीचं पोतं

"आज से भूसा किसी को नहीं देना," सेठ म्हणाले, तेव्हा देशकरकाकू रिकामं पोतं घेऊन फाटकातच उभ्या होत्या.

मी आरा बंद केला. काकूंनी ऐकलंच होतं. सेठनी त्यांना पाहिलं नव्हतं, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं असेल.

आमची आरागिरणी भोपाळला सरकारी कारखान्याच्या टाउनशिपला लागून होती. झाडाचे लठ्ठे चिरून फळ्या करतात ती आरागिरणी. मी तिथला हेड मिस्त्री. माझी शाळा तिसरीतच सुटली, पण त्या कॉलनीतल्या दारं-खिडक्यांच्या चौकटी माझ्या हातून गेलेल्या आहेत. कारखान्यातली मोठी मशीनं ज्या लाकडी पेट्यांत बंद होऊन बाहेरगावी जायची, त्या पेट्यांच्या फळ्या आमच्याच. बंगाल्यांच्या दुर्गापूजेचा मांडव, आपल्या गणपतीचं स्टेज, कुणाच्या पोरीच्या लग्नातला पलंग, सगळं आमच्याकडूनच जायचं. पण खरं सांगायचं तर बायका आम्हाला ओळखायच्या त्या लाकडाच्या भुशासाठी.

तेव्हा घरोघरी गॅस नव्हता. रॉकेल रेशनवर. मग भुशाची शेगडी. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, खाली बाजूला भोक पाडायचं. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, दुसरी भोकातून आडवी घालायची, आणि भोवती भुसा ठासून भरायचा. मग बाटल्या अलगद काढून घ्यायच्या. खालून कागद पेटवून दिला की आतल्या आत भुसा जळत राहतो. फुंकायला नको, लक्ष ठेवायला नको. बंबभर पाणी तापवून वर डाळ शिजते.

भुसा फुकट होता, पण माझे दोन कायदे होते. मीच केलेले, सेठना विचारून नाही. एक, ज्या घरात बाळंतीण आहे त्या घराचं पोतं पहिलं. मग साहेबाची बायको येऊ दे की खुद्द साहेब, तो मागे उभा राहील. दुसरा, भुसा खड्ड्यातून घ्यायचा. आऱ्याचा पट्टा दोन चाकांवर फिरतो, एक वर, एक जमिनीखाली खड्ड्यात. भुसा त्या खड्ड्यात पडतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असायचं, तेव्हा खाली उतरून खरवडून भरायचा. वर कोपऱ्यात छोट्या करवतीखालचा सुटा ढीग असायचा, त्याला हात लावायचा नाही. लोक कुरकुर करायचे, पण उतरायचे.

काकूंच्या घरी तेव्हा मुलगी आली होती, पहिलं बाळंतपण. देशकर मंडळी नागपूरकडची, काका कारखान्यात स्टोअरला क्लार्क. होळी होऊन गेली होती. ऊन तापलं होतं, पण बाळंतिणीला आणि बाळाला गरम पाणी दोन वेळा लागतंच. शिवाय शेक.

मी सेठना म्हटलं, "यांच्या घरी बाळंतीण आहे."

सेठ इंदूरकडचे. मराठी सगळी कळायची, बोलायचे मात्र हिंदीत. म्हणाले, "तो मैं क्या करूं, मिस्त्री? मुझसे पूछ के हुई है क्या?"

"भुसा कुठे चालला?"

"बर्फ फैक्ट्री को. पूरा का पूरा. गर्मी आ रही है."

बर्फाच्या लाद्या वितळू नयेत म्हणून त्या भुशात पुरून ठेवतात. बर्फवाल्याने पैसे देऊ केले आणि सेठना एकदम वाटलं की इतकी वर्षं आपण लुटले गेलो.

"काकूंचं एक पोतं जाऊ द्या."

"एक को दिया तो कल पूरी कॉलनी आएगी."

"ती रोजच येते."

"वही तो बंद करना है!"

माल त्यांचा, फाटक त्यांचं. काकू जवळ आल्या आणि पोत्याची घडी करून माझ्या स्टुलावर ठेवली. म्हणाल्या, "हे इथंच राहू द्या, नामदेवभाऊ. मी काही हे न्यायला-आणायला फेऱ्या नाही मारणार. भरून द्यायचं झालं की कळवा."

सेठ ऐकत होते. काकू त्यांच्याकडे न बघता गेल्या.

संध्याकाळी मी माझ्या घरचं भरलेलं पोतं त्यांच्याकडे पोचवलं. बायको म्हणाली, "आणि आपण?" म्हटलं, आपल्याकडे कोण बाळंत झालंय? ती माझ्याशी जेवणापुरतंसुद्धा बोलली नाही. पण ते पोतं किती दिवस पुरणार, हे मलाही दिसत होतं.

बर्फवाल्याची गाडी आली. वरचा ढीग नेला, खड्डाही साफ करून नेला. सेठ खूश. बर्फवाल्याचा मुंशी जाताना मला भोपाळी थाटात म्हणाला, "को खां मिस्त्री, अब गाड़ी भर माल जमा हो जाए तो खबर कर देना. आधी गाड़ी के लिए नहीं आएंगे."

मी हो म्हटलं.

त्याच सुमारास कारखान्याची पेट्यांच्या फळ्यांची मोठी ऑर्डर आली. साल झाडाचे जाड लठ्ठे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आरा चालू. भुसा खड्ड्यात पडत होता. न्यायला कोणी नाही. गाडीभर व्हायला वेळ होता, आणि खड्डा काही गाडीएवढा नव्हता. भुसा खालच्या चाकाला लागला. चाकाच्या आणि पट्ट्याच्या मध्ये भुसा गेला की पट्टा सरकतो. दुपारी तो चाकावरून उतरला. मी मशीन थांबवलं, बिडी पेटवायला फाटकाबाहेर गेलो.

सेठ धावत आले. "क्या हुआ?"

"खड्डा भरला."

"तो साफ करो!"

"मी मिस्त्री आहे, सेठ. पट्टा लावीन, धार लावीन, माल चिरीन. खड्ड्यात उतरणं माझं काम नाही."

"तो पहले कौन करता था?"

मी फक्त स्टुलाकडे बघितलं. काकूंचं पोतं अजून तिथेच होतं.

सेठनी दोन मजूर आणले. त्यांनी खड्डा उपसला. भुसा घामाला चिकटला की अंग खाजतं. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. पट्टा पुन्हा उतरला. कारखान्याच्या स्टोअरमधून निरोपावर निरोप, फळ्या कुठे आहेत, मशीन पॅक व्हायचं अडलंय. शेवटी सेठ स्वतः उतरले, पांढऱ्या शुभ्र धोतरात. वरून मला फक्त त्यांच्या शिंका ऐकू येत होत्या. बाहेर आले तेव्हा भुवयासुद्धा भुशाच्या झाल्या होत्या.

"बुलाओ तुम्हारी काकी को," ते म्हणाले.

"मी नाही बोलावणार. मना तुम्ही केलं. बोलवायला तुम्ही जा."

"मिस्त्री, मैं मालिक हूं."

"म्हणूनच म्हणतो. मी गेलो तर तो मिस्त्रीचा निरोप होईल."

त्यांनी भुवयांवरचा भुसा झटकला. काढून टाकतील असं वाटलं. टाकलं असतं तरी मी गेलो नसतो. मग त्यांनी स्टुलावरचं पोतं उचललं आणि काखेत मारून निघाले. क्वार्टर माहीत नव्हतं, म्हणून मी मागे चाललो, थोडं अंतर ठेवून.

काकूंनी दार उघडलं. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. सेठनी हात जोडले, "बहनजी, कल से भूसा ले जाइए. सब को बोल दीजिए."

काकूंनी त्यांच्या काखेकडे बघितलं. "सेठजी, पोतं रिकामंच आणलंत?"

सेठ पोत्यासकट मागे वळले. परत आलो. मी पोतं धरलं, आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी खड्ड्यातून भरलं. पोचवायला हमाल गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकात रांग. खड्डा तळापर्यंत स्वच्छ, आरा सुरळीत, फळ्या वेळेत गेल्या. बर्फवाल्याला वरचा ढीग मिळत राहिला, खड्डा कॉलनीचा. माझे दोन्ही कायदे कायम. फुकट नेणारा माणूस आपलं काय काम करून जातो, ते आधी बघावं आणि मग फाटक लावावं, इतकंच मला यातून म्हणायचं आहे.

पुढे कॉलनीत घरोघर गॅस आला. रांग आटत गेली आणि एक दिवस फाटकात कोणीच नव्हतं. सेठ तोवर म्हातारे झाले होते. खड्ड्याच्या कडेला उभे राहून आत बघत म्हणाले, "मिस्त्री, कॉलनी में कोई जच्चा नहीं है क्या आजकल?"

"आहे ना. देशकरकाकूंची तीच तेव्हाची तान्ही नात, आजोळी आलीय बाळंतपणाला."

"तो फिर?"

"तिला गरम पाणी गॅसवर मिळतं, सेठ. तुम्ही आता खड्ड्यासाठी पगारी माणूस बघा."