माइकवर पुकारलेला आहेर

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटोसाठी एक स्टूल, मागे निळा पडदा आणि कपाटात शाली. शाली विकायला ठेवलेल्या नाहीत. आमच्याकडे फोटोग्राफरला पैशांऐवजी शाल देतात, म्हणून त्या साठल्या आहेत. आता तर कुणी काम झाल्यावर सरळ पैसे हातावर ठेवले, तर माझंच काही चुकलं का, असं मला वाटतं.

सुरुवात टोकावड्याच्या एका हळदीत झाली. आमच्याकडे लग्न एक वेळ साधं होईल, पण हळद साधी होत नाही. डीजे, पंगती आणि मग आहेर. आहेर माइकवर पुकारतात, अमक्या गावच्या पाहुण्यांकडून पातेलं, तमक्यांकडून साडी. एकदा पुकारला की तो विसरायची सोय नाही. देणाऱ्याच्या घरी कार्य निघालं की तो परत करायचा, भांड्याला भांडं आणि साडीला साडी. चुकलं तर भावकीत नाचक्की.

हळद माझ्या चुलत मेहुण्याच्या मुलाची. फोटो आणि अल्बमचे पैसे आधीच बोलून झाले होते. आहेर सुरू झाला आणि माइकवाल्याला कुठून बुद्धी सुचली देव जाणे, त्यानं पुकारलं, "मुरबाडचे आपले फोटोवाले दाजी, यांच्याकडून सगळ्या फोटोंचा आहेर." मांडवात टाळ्या पडल्या. माझ्या हातात कॅमेरा होता, नाहीतर मीही वाजवल्या असत्या. मेहुण्यानं मिठी मारली आणि खांद्यावर शाल टाकली. भरल्या मांडवात उठून "मी असा काही आहेर दिलेला नाही" म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे. मी हात जोडले आणि पुढचा फोटो काढला.

मग काय, एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं नात्यात चालत नाही. सापगावच्या मावससासऱ्यांकडे पुकारलं, त्यांच्या व्याह्यांकडे पुकारलं. नातं नसेल तर ते लावलं जाई. शहापूरहून आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या आत्याच्या जावेच्या माहेरापर्यंत जाऊन मला मुलीचा मामा ठरवलं, आणि भाचीच्या लग्नात मामा पैसे मागतो का, असं मलाच विचारलं. वाढदिवसाच्या बॅनरवर जे भावी सरपंच गॉगल लावून उभे असतात, त्यांतले बरेचसे मीच काढलेले. यानं तुझं नाव होईल, असं प्रत्येकानं सांगितलं. बॅनरच्या तळाला शुभेच्छुक म्हणून अख्खी आळी दाटीवाटीनं बसवलेली असते, त्यात माझं नाव कधी दिसलं नाही.

घर बायकोच्या ब्लाऊज शिवण्यावर चालू लागलं. गाळ्याचं भाडंसुद्धा तिच्याच पैशातून जाई. ती चिडायची, आणि तिचं बरोबरच होतं. मी तिला समजवायचो की हा आहेर आहे, बुडत नाही, आपल्या पोरीच्या लग्नात सगळं परत येईल. मी नुसतं समजवायचो असं नाही, माझा खरंच विश्वास होता. एकुलती एक मुलगी, तिच्या लग्नाच्या भरवशावर मी इतकी वर्षं फुकट राबत होतो.

यंदा वैशाखात तिचं लग्न ठरलं, आणि गोतावळा खरोखरच जागा झाला. टोकावड्याचा मेहुणा सगळ्यांच्या वतीनं घरी आला. म्हणाला, "दाजी, फोटोचं तुमी टेन्शनच घेऊ नका. फोटोचा आहेर फोटोनंच फेडायचा, असं आमी सगळ्यांनी ठरवलंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी मिळून कल्याणचा ड्रोनवाला मोठा फोटोग्राफर सांगितला असणार, असं मी धरून चाललो. शहापूरचा माझा एक स्टुडिओवाला मित्र तारीख विचारत होता, त्याला मी ऐटीत नको म्हटलं. बापानं पोरीच्या लग्नात कॅमेरा गळ्यात घालून फिरायचं नाही, असं बायकोनं बजावलं होतं. तेव्हा माझा कॅमेराही दुकानात बंद.

हळदीला मी मांडवभर फोटोग्राफर शोधत होतो. तेवढ्यात माइकवर आलं, टोकावड्याच्या मेहुण्यांकडून फोटोंचा आहेर. मेहुणा उभा राहिला, खिशातून मोबाइल काढला आणि उंच धरला. मग सापगावकर उठले, मग शहापूरचे ते गृहस्थ. बघता बघता मांडवात मोबाइलच मोबाइल. टाळ्या पडल्या. नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं, फोटोला फोटो. मी बाजूला जाऊन शहापूरच्या मित्राला फोन लावला. दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या तारखेला, त्यानं दुसरीकडचं काम कधीच घेतलं होतं, आणि आगाऊ रक्कमही.

लग्नानंतर फोटो येऊ लागले, इतके की फोन हँग झाला. मंगलाष्टकांच्या फोटोत वर गेलेले हात आणि त्यांतले मोबाइल. हार घालतानाच्या फोटोत मेहुण्याचं हसरं तोंड, मागे मुलीच्या मुंडावळ्यांचं टोक. पाठवणीला ती माझ्या गळ्यात पडून रडली. कितीतरी बापांचा तो क्षण मी काढला आहे, कुठं उभं राहायचं ते मला झोपेतही सांगता येईल. आमच्या वेळी तिथं एक काका रील बनवत उभे होते.

बायको रोज दुपारी ते फोटो चाळते. काल म्हणाली, "हिचं तोंड एकात पन धड नाय ओ."

मी म्हटलं, नीट बघ, असेल एखादा. माझे सगळे आधीच बघून झाले होते.