सही येईल तिलाच कर्ज

श्रावणातल्या कानबाई विसर्जनानंतरचा रविवार, सकाळचे अकरा. हजर: बचत गटाच्या बारापैकी दहा जणी, त्यात अध्यक्षबाई आणि सेक्रेटरी म्हणून मी. गैरहजर दोघी: एक बाळंतपणाला गावी, एक न कळवता. बैठक सुरतेत, उधन्यात माझ्याच घरी होती. सतरंजी, पाणी आणि रजिस्टर ही माझी कामं.

त्या दिवशी कर्जाचा एकच अर्ज होता, कोसाडहून दोन रिक्षा बदलून येणाऱ्या बाईचा. ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. तिच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती, आणि सोमवारी फी भरली नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. गटाकडे पैसे होते. अडचण नियमाची होती, आणि नियम मीच सुचवलेला: अंगठा बंद, स्वतःची सही येईल तिलाच कर्ज. माझ्या आईने लोक सांगतील तिथे अंगठा उठवला आणि तिच्या वाटणीचं शेत भावांकडे गेलं. आमच्यात तसं कुणाचं होऊ नये, एवढंच मला हवं होतं. नियम झाला त्या दिवशी शाईचा पॅड आम्ही टाळ्या वाजवून कचऱ्यात टाकला. कोसाडच्या बाईनेही वाजवल्या होत्या.

मी तिच्यापुढे रजिस्टर ठेवलं, पेन दिलं. तिने तीन अक्षरं काढली. चौथ्याला पेन घसरलं. गोंदाने तिच्या बोटांची कातडी निघालेली असायची, पेन दाबलं की दुखायचं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिने खाली पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तीनच. मी घड्याळ पाहिलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "साडीवर हजार टिकल्या बसवतेस ना? मग चार अक्षरं बसव की."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग एकीने सुचवलं की सहीसाठी मुलीलाच सभासद करून घ्या, आणि हसू आणखी वाढलं.

ती जागची हलली नाही. माझ्याकडे बघून घरच्या बोलीत म्हणाली, "ताई, पोरनी जागा जाई. पुढला महिनामा मी सही शिकी लिसू."

"मग पुढच्या महिन्यातच घे कर्ज," मी म्हणाले. "एकीला सूट दिली की नियम संपला."

अर्ज नामंजूर. मी लिहिलं, सर्वानुमते. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. चहा झाला. निघण्याआधी तिने सगळ्यांचे कप विसळून ठेवले.

सोमवारी जागा गेली. मुलगी इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला लागली. दिवसभर उभं राहायचं काम. दिवाळीआधी तिची आई एकदाच आली, गट सोडून आपली बचत परत घ्यायला. तिने उभ्या उभ्याच सही केली, पूर्ण, न थांबता. अक्षर माझ्यापेक्षा वळणदार. अध्यक्षबाई खूश होऊन म्हणाल्या, "बघा, कडक राहिलं की माणूस शिकतं." तिने पैसे घेतले आणि पाणी न पिता गेली.

यंदाचा नर्सिंगचा फॉर्म मी आणलाय. लागणाऱ्या कागदांची यादी करून त्याला टाचली आहे. मुदत या आठवड्यात संपते. कोसाडला जाऊन तो द्यायचा अजून राहिलाय.