कलेजीची वाटी

"वहिनी, दादाला कलेजी बंद ना? मग टायगरला घाला," आत्या आईला म्हणाली. बाबांचं फेरिटिन वाढलंय, अंगात लोह साठून राहिलंय. डॉक्टरांनी कलेजी, मटण बंद केलंय. इतकी वर्षं रविवारची कलेजी त्यांच्याच ताटात पडायची. आईचं रक्त कायम कमी, पण तिच्या वाट्याला रस्सा आणि लोहाच्या गोळ्या. एकाच पातेल्यातून जेवून एकाच्या अंगात लोह साचत गेलं, दुसरीचे ओठ पांढरे पडत गेले. बाबा निमूट दुधी खात होते. आई वाटी घेऊन खरंच दाराकडे निघाली. टायगर शेपूट हलवत उठला. मी घरात फारशी बोलत नाही. माझा आवाज थेट बाबांसारखा निघाला, "आई, खाली बस. ती तू खायचीस."